मराठी बायबलमधली 'सुभक्ती' म्हणजे ग्रीक 'युसेबेइया'. मग युसेबेइया म्हणजे भक्तीच ना, असं तुम्ही विचारलंत.

नाही, निदान आपण ज्याला भक्ती म्हणतो ती तर नाहीच.

'सुभक्ती' हा शब्द ज्याने योजला त्याला आधी दाद देतो. ग्रीक 'यु' म्हणजे चांगलं, आणि तो आपल्या 'सु'चा सख्खा भाऊ. घोळ पुढच्या अर्ध्यात आहे. 'सेब' या धातूत प्रेम नाही, दबून असणं आहे. मोठ्या शक्तीपुढे आपोआप दोन पावलं मागे सरणं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत 'त्यज्'शी जोडतात. आपली भक्ती 'भज्'मधून आली, म्हणजे वाटा घेणं, सामील होणं. तोंडं विरुद्ध दिशांना. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका नीतिग्रंथात (तो त्याचाच का, यावर वाद आहे) सरळ म्हटलंय की कुणी 'माझं झ्यूसवर (ग्रीकांच्या देवराजावर) प्रेम आहे' म्हणाला तर ते विचित्रच वाटेल. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्यांना हे ऐकूनच विचित्र वाटेल!

ग्रीकांची युसेबेइया वागण्यात दिसायची. देवाचा बळी-नैवेद्य रीतीप्रमाणे, घेतलेली शपथ पाळणं, आईबापांचा मान, मेलेल्याचं क्रियाकर्म, दारात आलेल्या परक्याला आसरा. मनात उमाळा आहे की नाही, हे कुणी फारसं विचारत नसे. उलट शब्द 'असेबेइया', आणि तो अथेन्समध्ये चक्क गुन्हा होता. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला तो याच कलमाखाली.

तुम्ही बायबल वाचताय, तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 5वा अध्याय काढा. चौथ्या ओवीत विधवेच्या मुला-नातवंडांना सांगितलंय की आधी आपल्या घरच्यांशी नीट वागायला शिका, वडीलधाऱ्यांचं ऋण फेडा. तिथलं ग्रीक क्रियापद 'युसेबेइन' आहे. आजीला सांभाळणं ही आजीची भक्ती नव्हे, ते कर्तव्य आहे. 'सुभक्ती' तिथे अवघडून बसते.

मला सगळ्यात भारी साक्ष वाटते ती सम्राट अशोकाची. 1958 मध्ये अफगाणिस्तानात कंदाहारजवळ त्याचा एक शिलालेख सापडला, वर ग्रीक आणि खाली अरामी, म्हणजे पश्चिम आशियातली एक जुनी भाषा. त्या भागात ग्रीक वस्ती होती, त्यांच्यासाठी हा मजकूर. त्यात म्हटलंय की दहा वर्षं पूर्ण झाल्यावर राजा पियोदासेसने, म्हणजे आपल्या पियदसीने (अशोक लेखांत स्वतःला हेच म्हणवतो), लोकांना युसेबेइया दाखवून दिली. पुढे तपशील: राजा प्राण्यांना मारत नाही, राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी शिकार थांबवली, लोक आईवडिलांचं आणि थोरांचं ऐकू लागले. पूजा नाही, देवाचं नाव नाही. अशोकाच्या बाकीच्या लेखांत ज्या जागी 'धम्म' येतो, तिथे हा शब्द. कंदाहारलाच 1963 मध्ये आणखी एक ग्रीक लेख मिळाला, त्यातही धम्माला युसेबेइयाच. अरामी लिहिणाऱ्याने मात्र 'सत्य' या अर्थाचा शब्द वापरला, म्हणजे दोघांनी आपापल्या डोक्याने विचार केला होता.

आणि हे सगळं दूरचं नाही. मुंबईजवळच्या आपल्या सोपाऱ्याला अशोकाच्या मोठ्या शिलालेखांपैकी 8व्या आणि 9व्या लेखाचे तुकडे मिळालेत. 9वा लेख आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक करतात त्या मंगलविधींबद्दल आहे. त्यांचं फळ थोडं, खरं मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांना मान देणं, असा त्याचा रोख. ग्रीक माणसाने विधी असे बाजूला सारले नसते, पण नोकर आणि गुरुजनांचा भाग त्याला लगेच कळला असता.

तेव्हा भाषांतर करताना मी 'धर्म' घेईन. पण आज धर्म म्हटलं की शाळेच्या दाखल्यावरचा रकाना आठवतो, म्हणून 'धर्माचरण'. देवळापुरता संदर्भ असेल तिथे 'श्रद्धा' चालेल. 'सुभक्ती' चर्चमध्ये रुळलेला शब्द आहे, तिथे तो राहू द्या. प्लेटोसारख्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या भाषांतरात नको.