जुनी जीन्स घरीच डिझायनर जीन्ससारखी फाटकी कशी करायची? गुडघ्यावर नुसते पांढरे दोरे राहिलेले हवेत.

कात्रीने भोक पाडू नका. फक्त निळे उभे धागे काढा, पांढरे आडवे आपोआप उरतात. डेनिमच्या विणीतच ही सोय आहे. त्यात उभा धागा इंडिगोने रंगवलेला असतो आणि आडवा बिनरंगाचा. म्हणून तर जीन्स आतून फिकट दिसते.

जीन्स घालून, खाली बसून गुडघ्याची खूण करा. उभ्याने केली तर जागा हमखास चुकते. मग जीन्स काढून तिच्या पायात पुठ्ठा सरकवा, नाहीतर मागची बाजूही कापली जाईल. दीड-दोन सेंटीमीटर अंतरावर दोन आडवे, समांतर काप द्या, साधारण पाच सेंटीमीटर लांबीचे. मधले निळे धागे भुवयांच्या चिमट्याने एकेक करून उपसा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी गंमत यातच. कडा आणि खिशांचे कोपरे पॉलिश पेपरने घासा. रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचलेला नसतो, त्यामुळे घासलं की आतला पांढरा दिसतो. शेवटी एकदा मशीनमध्ये धुवा, कडा छान पिंजतात. भोक मात्र धुतल्यावर वाढतं, तेव्हा सुरुवातीला लहानच ठेवा.

हे सगळं जाड, शंभर टक्के सुती जीन्सवर जमतं. स्ट्रेच जीन्सच्या आडव्या धाग्यात इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा तंतू, असतो. तिथे दोरे सैल पडून लोंबतात. तिला नुसतं घासा, कापू नका.