सिएरा लिओनच्या युद्धात मुलीही होत्या, मग पुनर्वसनाच्या यादीत त्या इतक्या कमी का?

होत्या, आणि भरपूर होत्या. १९६१ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेल्या या देशात १९९१ ते २००२ यादवी चालली. सशस्त्र गटांनी पळवून नेलेल्या मुली स्वयंपाक करायच्या, ओझी वाहायच्या, लढायच्याही. शिवाय कमांडरची 'बायको' म्हणून राहायची सक्ती. लढवय्ये शस्त्रं खाली ठेवून पुनर्वसनासाठी नाव नोंदवायचे, त्या निःशस्त्रीकरण छावणीत मात्र अनेकदा बंदूक दाखवा, खोलून पुन्हा जोडून दाखवा, असा प्रकार. मुलीची बंदूक कमांडरने आधीच काढून घेतलेली! म्हणून नोंदलेल्या बालसैनिकांत मुली दहा टक्क्यांहूनही कमी. काहीजणी बदनामीच्या भीतीने स्वतःहूनच लांब राहिल्या. कडेवर मूल असलं की गाव कुजबुजणारच. सक्तीचा विवाह हा मानवतेविरुद्धचा गुन्हा, हे या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाने २००८मध्ये मान्य केलं. फारच उशिरा, माझ्या मते.