भूपाची व्याख्या पाठ आहे, पण राग ओळखता येत नाही

बी. एड.साठी मेरिल यांचा तक्ता पाठ केला, पण वर्गात त्याचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. मी ग्वाल्हेरला शास्त्रीय गायन शिकवते, त्यामुळे उत्तर माझ्या शिकवणीतूनच देते.

शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड मेरिल यांनी १९८३ मध्ये सविस्तर मांडलेल्या ‘कॉम्पोनंट डिस्प्ले थिअरी’त दोन गोष्टी पाहायच्या असतात: आशय कोणता (तथ्य, संकल्पना, कार्यपद्धती की तत्त्व) आणि विद्यार्थ्याने त्याचे काय करायचे (स्मरण, उपयोजन की शोध). तथ्याचे फक्त स्मरणच होऊ शकते, म्हणून तक्त्यात बाराऐवजी दहाच घरे आहेत. माझ्या मते या तक्त्याचे खरे मोल एवढ्यासाठी आहे की शिकवणे एका घरात आणि परीक्षा दुसऱ्या घरात, ही आपली चूक त्यामुळे उघडी पडते.

ती चूक मी वर्षानुवर्षे करत होते. भूपाचे आरोह-अवरोह, वादी (रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखाल महत्त्वाचा) धैवत, हे सारे मुली घडाघडा सांगत. पण मी देशकाराची एक ओळ गायले की तिलासुद्धा ‘भूप’ म्हणत, कारण दोन्ही रागांचे स्वर तेच पाच आहेत. राग ही संकल्पना आहे आणि तो ओळखणे हे उपयोजन. मी मात्र स्मरणाचीच तयारी करून घेत होते.

संकल्पनेच्या उपयोजनासाठी नियमाबरोबर उदाहरण आणि त्याच्याशी मिळतेजुळते प्रति-उदाहरण शेजारी शेजारी ठेवावे, आणि सरावाला पूर्वी न ऐकलेलीच उदाहरणे द्यावीत, असे मेरिल सांगतात. म्हणून आता मी भूपात गंधारावर मुद्दाम रेंगाळते आणि लगेच देशकारात धैवतावर थांबून पंचमावर उतरते. लक्ष वेधण्याची ही मदत पहिल्या काही दिवसांपुरतीच असते. सरावात ती काढून घेतली नाही, तर मुली राग ओळखायच्या सोडून माझे थांबणे ओळखू लागतात.

शोधाच्या घरासाठी मी भेद आधी सांगतच नाही. दोन्ही राग ऐकवून गप्प बसते. एकदा दहा वर्षांची एक मुलगी बराच वेळ तानपुऱ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “ताई, एकात सूर खाली बसतो, दुसऱ्यात वरच राहतो.” वादी हा शब्द मी तिला त्यानंतर दिला.