शाखा बदलण्याआधी पाथ तपास

प्रश्न : मी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावाचा पहिलाच प्रोग्राम लॅबमध्ये चालतो, पण घरच्या लॅपटॉपवर 'जावासी' ही कमांडच ओळखता येत नाही, असा एरर येतो. काढून पुन्हा इन्स्टॉल केलं तरी तेच. बाबा म्हणतात, झेपत नसेल तर शाखा बदल. काय करू?

उत्तर : तोच प्रोग्राम लॅबमध्ये चालतो ना? मग कोडवर कशाला शंका घेतेस! जावासी म्हणजे जावाचा कंपायलर, कोड तपासून मशीनला चालवता येईल असा करणारा. त्याने चूक पकडली असती, तर फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर दाखवला असता. इथे तो सुरूच झालेला नाही. विंडोजला सापडलाच नाही.

विंडोज कमांड शोधते ती चालू फोल्डरमध्ये आणि मग 'पाथ' या व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत, ओळीने. त्यात जेडीकेचा, म्हणजे तू इन्स्टॉल केलेल्या जावाच्या साधनसंचाचा, 'बिन' फोल्डर नसेल, तर जावासी असून नसल्यासारखा. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' शोध. 'जावा होम' (JAVA_HOME) या व्हेरिएबलला जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता दे, शेवटी 'बिन' न लावता. बरीच मुलं इथेच घसरतात. 'बिन'सकटचा पत्ता जातो पाथमध्ये. मग कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघड. आधीपासून उघडा असलेला जुनाच पाथ धरून बसतो, आणि तुझंही घोडं बहुधा इथेच अडलं असावं. 'सेटएक्स'ने पाथ बदला म्हणणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नकोस. ती कमांड १०२४ अक्षरांपुढचं सरळ कापून टाकते.

जावासी चालला, पण प्रोग्राम चालवताना ६१ आणि ५२ हे आकडे असलेला एरर आला, तर ती वेगळी भानगड. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. कंपाइल केलं नव्या जावाने, चालवायला गेला जुना जावा, कारण पाथमध्ये तो आधी आहे. 'व्हेअर जावा' टाइप केलंस की कोण पुढे बसलंय ते दिसेल.

बाबांना हे दाखव. 'माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर चालत नाही' ही तक्रार सॉफ्टवेअर कंपन्यांत रोजची आहे, आणि बिल्ड किंवा डेव्हऑप्स (प्रोग्राम तयार करून सर्व्हरवर चालता ठेवणाऱ्या) टीममधली माणसं असल्याच गाठी सोडवण्याचा पगार घेतात. शाखेचा निर्णय या एररवर घेऊ नकोस. लूप, अ‍ॅरेची गणितं कागदावर सोडवताना मन लागतं की नाही, ते सेमिस्टरभर बघ. कंटाळाच येत असेल, तर मला पुन्हा लिही. तेव्हा शाखेचं बोलू.