रात्री तीन वाजता चादर धुवायची नाही

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते: "ह्यांना मागच्या दिवाळीत पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. हार्टचं पंपिंग ३० टक्के, शुगर आहेच. रात्री तीन-तीनदा अंथरूण ओलं होतं. मी दर वेळी उठून चादर बदलते आणि तेव्हाच धुऊन टाकते, सकाळी कामवाल्या मावशींना दिसायला नको म्हणून. डायपर लावू देत नाहीत, आता तर पाणीच सोडलंय. परवा मी ओरडले, मुद्दाम करता का म्हणून. ते भिंतीकडे तोंड करून रडले. मला ६१व्या वर्षी स्वतःची लाज वाटते."

ताई, आधी त्या ओरडण्याचंच बोलते कारण तुम्ही पत्रात ते शेवटी लिहिलंय पण मनात पहिलं तेच आहे. माझे मिस्टर पार्किन्सनने सहा वर्षं आजारी होते, शेवटची दोन तर अंथरुणालाच, आणि मीसुद्धा ओरडलेय, एकदा नाही बऱ्याचदा. दिवाळीपासून सलग तीन तास झोप न मिळालेला माणूस ओरडणारच हो. सकाळी चहा देताना एकदा सरळ म्हणा, "रात्री मी चुकले, झोप नव्हती, राग तुमचा नव्हता." बस. वीस वेळा माफी मागू नका, त्यांनाच अवघड होतं.

आता ते तीन वाजताचं धुणं बंद, आजपासून. गादीवर आधी मेणकापड, त्यावर चादर, मग परत दुसरं मेणकापड आणि परत चादर, आणि सगळ्यात वर कमरेखाली अंडरपॅड. रात्री ओलं झालं की वरचा थर गुंडाळून काढायचा, खाली कोरडं अंथरूण तयारच असतं. मी सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीची चौपदरी घडी करून आडवी घालायचे, खांद्यापासून मांडीपर्यंत, आणि तीच धरून मिस्टरांना कुशीवर वळवायचे, त्यामुळे पाठीला ओढ कमी बसायची, माझ्याही आणि त्यांच्याही. ओलं सगळं झाकणाच्या बादलीत टाका आणि झोपा. मावशींना दिसलं तर दिसू दे, त्यांच्याही घरात म्हातारी माणसं असतीलच की.

दुसरं, युरिन पॉट कुठे ठेवता? बहुतेक घरांत जिथे जागा तिथे ठेवतात, पण ह्यांचा उजवा हात चालत नाही म्हणजे पॉट डावीकडे हवा, हाताला लागेल असा, आणि कॉट अशी फिरवा की डावी बाजू भिंतीला नको, मोकळी राहील. बारीक नाइट लॅम्प आणि डाव्या हाताशी एक बेल. कदाचित त्यांना कळतं पण हात पोचेपर्यंत उशीर होतो, आणि तसं असेल तर निम्मा प्रश्न इथेच सुटेल.

एमएलच्या खुणा असलेला पॉट घ्या आणि तीन दिवस वहीत लिहा, किती वाजता, किती झाली, किती वाजता ओलं झालं, काय प्यायले. अंथरुणात गेली ती मोजता येत नाही, तिथे नुसतं थोडं की भरपूर एवढंच लिहा. चोवीस तासांतली एक तृतीयांशापेक्षा जास्त लघवी रात्रीच होत असेल तर नुसता मूत्राशयाचा दोष नाही, रात्री लघवी जास्त तयारच होतेय. हार्टच्या पेशंटमध्ये हे फार दिसतं, दिवसभर बसून पायात पाणी उतरतं आणि आडवं झालं की तेच रक्तात परत येऊन लघवीवाटे निघतं. म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून झोपवायचं (डोकं उंचच ठेवा, दम लागायला नको) आणि डॉक्टरांना विचारायचं की लघवीची (अंगातलं पाणी काढणारी) गोळी किती वाजता द्यायची, संध्याकाळची असेल तर दुपारी आणता येईल का. शुगरसाठीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एखादी आहे का तेही विचारा. स्वतःहून मात्र एकही गोळी पुढेमागे करू नका, बंद तर नाहीच नाही.

पाणी सोडलंय ते मला सगळ्यात जास्त खटकलं. पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते, इन्फेक्शन लवकर होतं, वर शौचाला कडक होतं आणि भरलेलं आतडं परत मूत्राशयावरच दाबतं. हार्टसाठी डॉक्टरांनी दिवसाचं जे माप दिलंय तेवढं पूर्ण द्या, फक्त ते संध्याकाळी सहापर्यंत संपवायचं, सहानंतरचा चहा बंद.

डायपरचं म्हणाल तर तो शब्दच घरात नका काढू. लहान मुलासारखं वाटतं त्यांना, आणि तो अपमान खरा आहे. "रात्रीची पॅन्ट, मला झोप मिळावी म्हणून" असं सांगा, माझ्यासाठी म्हटलं की नवरे ऐकतात. माप कंबरेपेक्षा कुल्ल्यांचं घ्या, आणि लावताना लिंग खालच्या बाजूला वळवून ठेवा, नाहीतर कुशीवर झोपले की पोटाकडून गळतं. तरी नकोच म्हणाले तर कंडोम कॅथेटर विचारा, तो वरून बसवतात, आत काही घालत नाहीत, नळी पिशवीत जाते. पहिल्यांदा नर्सकडून माप घेऊन शिका, रोज बदला, वरून साधी चिकटपट्टी आवळून कधीच लावू नका. आत घालायची नळी फक्त सोयीसाठी नको, इन्फेक्शनचा धोका वाढतो.

कातडीकडे रोज बघायचं, माकडहाड, कुल्ले, टाचा. साध्या कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साईडचा पातळ थर. डेटॉल नको, पावडरही नको, ती घामात गोळे होऊन घासते. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल किंवा तिथे गरम, कडक लागत असेल तर त्या जागेवर भार देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा.

ताप, जळजळ, अचानक असंबद्ध बोलणं, किंवा थेंबथेंब होतंय आणि ओटीपोट फुगून टणक झालंय, यातलं काहीही दिसलं तर वही पूर्ण व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना. तीन दिवसांत वजन दोन किलोच्या वर गेलं तरीही.

आणि मुलगा? पुण्यात आहे एवढं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. त्याला सांगा की आठवड्यातून दोन रात्री पेशंट सांभाळायला ब्युरोचा माणूस हवाय, पैसे तू दे. त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. पहिल्या रात्री झोप येणार नाही, कान इकडेच राहतील, मला नव्हती आली. तरी झोपा तिथेच.

तीन दिवसांची वही झाली की मला परत लिहा, त्यांनी डाव्या हाताने पॉट घेतला का ते नक्की कळवा.