लिनक्सवरची सर्व्हिस 'रनिंग' दिसते, पण काम करत नाही आणि लॉगही रिकामा. कुठून शोधू?

तुमचा प्रोग्राम हाताने चालवला की नीट चालतो, सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिस केली की स्टेटस हिरवं आणि काम शून्य, असं तुम्ही लिहिलंय. याच खड्ड्यात मी दोन हंगामांपूर्वी पडलो होतो.

धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये भुईकाट्याचा कॉम्प्युटर मी सांभाळायचो. इंडिकेटरमधून (काट्याचं वजन दाखवणारा डबा) वजन यूएसबी-सिरियल केबलने येतं, माझा छोटा पायथन प्रोग्राम ते वाचून पावतीच्या सॉफ्टवेअरला देतो. दिवाळीनंतरची गर्दी, कापसाचे ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत, आणि लाइट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, यूएसबी हब नव्हता. लाइट आली, पण पावतीवर वजनाची जागा कोरी. मी जळगावात बसून स्टेटस पाहिलं आणि फोनवर ठणकावून सांगितलं, सर्व्हिस चालू आहे. काट्यावरचे आप्पा म्हणाले, "चालू ते शे भाऊ, मंग वजन कोठे शे?"

बरोबरच होतं त्यांचं. 'रनिंग' म्हणजे प्रोसेस जिवंत आहे, एवढंच. ती आत काम करतेय की नुसती बसलीय, याच्याशी सिस्टिमडीला देणंघेणं नसतं.

मग मी तीनदा रीस्टार्ट मारला आणि होता नव्हता तो पुरावाही घालवला. पायथनचं प्रिंट टर्मिनलवर ओळीओळीने दिसतं. सर्व्हिसला टर्मिनल नसतं, म्हणून साधारण ८ केबी साठेपर्यंत ते प्रोग्रामच्या पोटातच राहतं. रीस्टार्टचा सिग्नल आला की प्रोसेस तडकाफडकी मरते, पोटातलं पोटातच. तुमचाही पायथन असेल तर युनिट फाइलच्या (सर्व्हिसच्या सेटिंग्जची फाइल) एन्व्हायर्नमेंट ओळीत 'पायथनअनबफर्ड' १ करा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच लॉग बोलायला लागतो.

माझा तरी बोलला नाही. शेवटी स्टेटसमधला मेन पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घेऊन त्याला स्ट्रेस (strace, प्रोग्राम सिस्टिमकडे काय मागतोय ते दाखवणारं साधन) जोडला. दर दोन सेकंदांनी एकच गोष्ट दिसत होती: टीटीवाययूएसबी० (केबलच्या पोर्टचं लिनक्समधलं नाव) उघडायचा प्रयत्न, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', झोप. पुन्हा तेच. हबची वीज गेली तेव्हा प्रोग्रामने जुना पोर्ट बंदच केला नव्हता, त्यामुळे तो नंबर अडकून राहिला आणि केबल परत आली ती टीटीवाययूएसबी१ होऊन. आणि लॉग गप्प का? कारण एरर आली की 'एक्सेप्ट' आणि पुढे 'पास', म्हणजे एरर गिळून गपचूप पुढे जा. ते लिहिणारा शहाणा मीच.

तुमचं हाताने चालतं, म्हणून तुम्ही आधी वातावरण तपासा. सर्व्हिस तुमची बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंग्जची फाइल) वाचत नाही. वर्किंग डिरेक्टरी दिली नसेल तर ती थेट रूट फोल्डरमध्ये उभी असते, म्हणजे 'डेटा फोल्डरमधली फाइल' असा अर्धा पत्ता तिथे लागणार नाही. युझर वेगळा असेल तर परवानग्याही वेगळ्या. सिरियल पोर्टसाठी डेबियन, उबंटूवर डायलआउट ग्रुप लागतो. रीबूटनंतर जुना लॉग गायब होत असेल तर व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डर आहे का बघा. नसेल तर लॉग रॅममध्ये राहत असण्याची शक्यता मोठी.

मी नंतर पोर्टचा पत्ता सिरियल-बाय-आयडीमधून (तिथे नाव केबलच्या ओळखीवरून ठरतं) घेतला, तो नंबर बदलला तरी बदलत नाही. 'पास' काढून एररवर नॉन-झिरो कोडने (म्हणजे 'बिघाड झाला' असं सांगून) बाहेर पडायला लावलं आणि रीस्टार्ट 'ऑन-फेल्युअर' ठेवलं. कोड शून्य असेल तर हे 'ऑन-फेल्युअर' ढिम्म हलत नाही, तिथे बरेच जण फसतात. वर ३० सेकंदांचा वॉचडॉग, टाइप नोटिफाय: तेवढ्या वेळात प्रोग्रामची हाक आली नाही तर सिस्टिमडी त्याला रीस्टार्ट करतं. वजन खरोखर वाचलं गेलं तरच प्रोग्राम सिस्टिमडीला हाक देतो. रात्री काटा रिकामा असला तरी इंडिकेटर शून्य पाठवतच असतो, त्यामुळे उगाच रीस्टार्ट होत नाही.

स्ट्रेसच्या दहा-बारा ओळी आणि युनिट फाइल इथे टाका, मग नेमकं बघता येईल. तोवर मशीन रीबूट करू नका.