लेथला झेंडूचा हार

कोल्हापूर,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

शाळा कारखान्यांशी जोडण्यासाठी तू केलेली नि मला पाठवलेली फाइल काल नातवानं उघडून दिली. बावीस स्लाइड. रंग छान आहेत, पोरांचे फोटोही छान आहेत. चौदा कारखान्यांना पाठवलीस, दोघांनीच उत्तर दिलं, त्यातल्या एकानं ‘बाकं देऊ’ म्हटलं, म्हणून तू हिरमुसलीस. पण मग तुला हवं काय होतं? शेवटच्या स्लाइडवर लिहिलंयस, ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा’. अगं, सहकार्य म्हटलं की शिरोली एमआयडीसीतल्या माणसाला डोळ्यांपुढं पावतीपुस्तक दिसतं. गणपती मंडळाची पोरंही हाच शब्द घेऊन येतात.

आणि चौदाही जणांना तू सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा, निधी मागितलास. 2013 च्या कंपनी कायद्याचं 135 वं कलम एकदा शांतपणे वाच. आदल्या वर्षी ज्या कंपनीचं नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) किमान 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी असेल तिलाच हे लागू. तिनं मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्चायची. शिवाय कंपनी म्हणजे कंपनीच. भागीदारी फर्म, नाहीतर बापानं सुरू केलेला नि पोरगा चालवतोय असा मालकीचा धंदा, त्यात येतच नाही. तुझ्या यादीतले निम्म्याहून जास्त मला माहीत आहेत. कुणाची फेटलिंगची, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायची, शेड, कुणाचं दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनांचं शॉप. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुझा मेल वाचून त्यांना वाटलं असेल, ही पोरगी चुकून आपल्या दारात आली.

ज्यांना तो कायदा लागू आहे त्या दोघा-तिघांचं वेगळं बघू. तिथं मालक भेटत नाही, सीएसआरचा माणूस भेटतो, आणि तो वाईट नसतो, अडकलेला असतो. तुमच्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी झाली आहे का, हे तो पहिल्यांदा विचारील. 1 एप्रिल 2021 पासून तिच्याशिवाय संस्थेमार्फत पैसे देता येत नाहीत. त्याच्या वर्षाचं गणित लक्षात ठेव. बजेट ठरतं उन्हाळ्यात, आणि खर्च झाला नाही म्हणून धावपळ सुरू होते फेब्रुवारीत. तेव्हा तुला फोन येईल, ‘मॅडम, मार्चएंडच्या आत काय घेता सांगा.’ त्या फोनवर लगेच हो म्हणू नकोस. का, ते सांगतो.

मीही असंच एकदा हो म्हटलं होतं. एका कारखान्यात नवीन मशिन आलं, जुना लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र, काढायचा होता. मला विचारलं, शाळेला चालेल का? मी म्हटलं, पळेल! दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून लेथ शाळेच्या व्हरांड्यात उतरला. सरपंच, नारळ, पेढे, पेपरात फोटो. आठ दिवसांनी मुख्याध्यापकांचा फोन आला, ‘साहेब, हा सुरू कसा करायचा?’ शाळेत सिंगल फेज कनेक्शन. लेथला हवी थ्री फेज. कनेक्शन वाढवायचं तर डिपॉझिट कोण भरणार, महिन्याचं बिल कोण भरणार, आणि पोरांजवळ उभं राहणारा टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, कुठून आणणार? हे तिन्ही प्रश्न मी विचारायला हवे होते. चाळीस वर्षं मशिनं चालवून मला ते सुचले नाहीत, याची लाज अजून वाटते. तो लेथ आजही तिथंच आहे. ताडपत्रीखाली. खंडेनवमीला शिपाईमामा त्याला पुसून हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. वर्षातून एकदा त्याच्याजवळ माणूस जातो तो एवढ्यासाठी.

तेव्हापासून मी एक पाळलं. वस्तू घ्यायची तर ती वापरणारा माणूसही त्याच दारातून मागायचा. माणूस मिळत नसेल तर वस्तू नको.

आता लहान कारखान्यांकडं येतो, कारण खरी गोडी तिथं आहे. हे गाव इंजिनं बनवायला कॉलेजात शिकलेलं नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिन दुरुस्त करता करता माणसं ती ओतायला आणि बनवायला शिकली. त्या माणसांच्या मुला-नातवांकडं तू देणगी मागतेस, आणि त्यांच्याकडं ढिगानं पडलेली वस्तू मागत नाहीस. रिजेक्शन!

एका फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) मालकांना मी म्हटलं होतं, पैसे नकोत, नापास झालेली पंधरा-वीस कास्टिंगं, ओतलेले भाग, द्या, आणि तुमचा क्वालिटीचा माणूस महिन्यातून दोनदा दीड तास द्या. ते हसले. भंगाराचे पैसे येतात, तेवढं सोडायला काय जातंय! माणूस मात्र कुरकुरतच आला. पहिल्या दिवशी त्यानं नववीच्या वर्गाला ‘गुणवत्तेचं महत्त्व’ सांगितलं. पोरं जांभया देत होती, तोही घड्याळ बघत होता. दुसऱ्या वेळी मी त्याला बोलूच दिलं नाही. चार-चार पोरांत एक कास्टिंग, एक व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी). बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मोजा, दहा वेळा मोजा, वहीत लिहा. दहा रीडिंगं सारखी येईनात. वर्गात भांडणं लागली, तू चुकलास, तू वाकडं धरलंस. गणिताच्या बाई मागं उभ्या होत्या, त्या हळूच पुढं येऊन फळ्यावर सरासरी मांडायला लागल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी कास्टिंगच्या अंगावरच्या भोकात करंगळी घालून म्हणाली, ‘सर, हे कुणी पाडलं?’

ब्लोहोल होतं ते. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली, वाफ कोंडली, बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की असं होतं. क्वालिटीच्या माणसानं सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासानं मी घड्याळ बघत होतो. पुढच्या वेळी तो न बोलावता पाव पोतं मोल्डिंगची वाळू आणि एक लाकडी पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत उठवून साचा करतात तो नमुना) घेऊन आला. मूठ वळून वाळूचा गोळा मोडायला लावला पोरांना, ओल किती आहे ते हाताला कळावं म्हणून. बदली होईपर्यंत तीन वर्षं तो येत राहिला. त्याच्या कंपनीनं त्या शाळेवर रुपया खर्च केलेला नाही, आणि माझ्या हिशेबी मी जमवलेल्या भागीदाऱ्यांत ती सगळ्यात श्रीमंत.

यात माझं डोकं फार नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करत शिकण्यावरच. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून हा माणूस शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात जाऊन बसला. पुढं तिथूनच आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) हा अभ्यासक्रम हायस्कुलांत गेला. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, सगळं पोरांच्या हातून. जमलं तर दोन दिवस तिथं जाऊन ये. स्लाइड आपोआप बदलतील.

शाळेची बाजू तू फार गृहीत धरली आहेस. मुख्याध्यापकांना तू ‘उद्योगजगताशी जोडणी’ म्हणालीस, त्यांना ऐकू आलं ‘आणखी एक अहवाल’. यू-डायसची (सरकारच्या शाळा-नोंदणीची) माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणूक लागली तर तेही काम. त्यांच्याकडं जाताना नवीन काम नेऊ नकोस, त्यांचं ठरलेलं काम उचल. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस सांगितले आहेत. ते भरायचे कसे, ही त्यांची डोकेदुखी आहे. म्हण, त्यातले चार दिवस माझ्यावर सोडा. आणि एक गोष्ट, जी मला फार उशिरा दिसली. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. तुझ्या शाळेच्या समितीत एमआयडीसीत कामाला जाणारा एक तरी बाप किंवा आई असणारच. चौदा मालकांना मेल करण्याआधी त्यांच्याशी बोललीस का? आपल्या पोराच्या शाळेसाठी सुपरवायझरकडं शब्द टाकणारा हेल्पर तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त दारं उघडतो. भेटीचा वारही त्यालाच विचार. आपल्याकडं सगळ्या एमआयडीसींना रविवारीच सुट्टी असते असं नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. पोरांना कारखाना दाखवायचा, काम करायला लावायचं नाही. चौदाच्या आतल्याला कामाला लावणं आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामाला लावणं गुन्हा आहे, बालमजुरी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर तर यात पळवाट शोधूच नये. कुणी मालक प्रेमानं म्हणेल, ‘सुट्टीत पाठवा की दोघं-तिघं, शिकतील, चार पैसे मिळतील.’ हात जोडायचे. भट्टीतला रस ओतताना पोरं पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडंच, बूट नसलेलं पोर आत नाही, आणि गॅंगवेमध्ये, ये-जा करायच्या वाटेत, सेल्फी नाही.

अठरा पुरी झालेल्यांसाठी अप्रेंटिसशिप, म्हणजे विद्यावेतन घेऊन कारखान्यात काम शिकणं, आहे, आणि ती लहान मालकाला नीट समजावणारं कुणी नसतं. 30 किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक, 4 ते 29 असतील तर मर्जीवर. केंद्राच्या योजनेतून स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. पोर्टलवर नोंदणी करायला त्याच्याकडं माणूस नाही. तू एक दुपार त्याच्या ऑफिसात बसून ती करून दे. त्या दुपारनंतर तो तुझा फोन पहिल्या रिंगला उचलेल.

आयटीआयच्या व्यवस्थापन समितीबद्दल विचारलं होतंस. 2007-08 पासून केंद्रानं 1396 आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, समितीचा अध्यक्ष उद्योजक हवा ही अट घालून. कल्पना चांगली होती. अशा एका समितीवर मीही होतो. चहा-बिस्किटं, मागील सभेचे इतिवृत्त कायम, फोटो. वर्कशॉपमध्ये आम्ही दीड वर्षात एकदा पाऊल टाकलं. तुला बोलावलं तर जा, पण सभा वर्कशॉपमध्येच घ्यायला लाव, खुर्च्या नसल्या तरी चालेल.

बाकं देतो म्हणालेल्या माणसाला नाही म्हणू नकोस. बाकं घे, आणि ती बनवणारा फॅब्रिकेटर एक दिवस शाळेत पाठवा म्हण, पोरांसमोर दोन बाकं जोडायला. वेल्डिंगच्या काचा पुरेशा घेऊन ये म्हणावं.

गुरुवारी उद्यमनगरात येशील का? एक पॅटर्नवाले आहेत, पंच्याहत्तरीचे, लाकडी पॅटर्न अजून हातानं करतात. त्यांच्याकडं मागायचं काही नाही, नुसतं बसायचं. लॅपटॉप आणू नकोस, भुसा उडतो. आणि साडेअकराच्या आत ये, नंतर ते जेवायला घरी जातात आणि परत कधी येतील याचा नेम नसतो.

तुझा,
काका